काचेच्या कडेवरचे आकडे

“डोळे मिटा!”

त्याचे माझ्याशी बोललेले पहिले शब्द हे. आणि मी डोळे मिटले नाहीत. कोणी ‘मिटा’ म्हणून ओरडलं की माणूस आधी बघतो, आहे तरी काय! काळा जाड पडदा बाजूला सारून मी एक पाऊल आत टाकलं होतं. आत अंधार होता, आणि त्या अंधारात एक हिरवी रेघ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधल्यासारखी दिसत होती... तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे एक तळहात आला. टेकला नाही. पापण्यांपासून बोटभर अंतरावर थांबला.

“मिटा म्हटलं ना? कोण आहे?”

“मला ऑफिसात जायचं होतं.”

“ऑफिस वरच्या मजल्यावर. इथे उघडे डोळे घेऊन यायचं नसतं.”

“मग बाहेर तशी पाटी नको का?”

हात जागचा हलला नाही. कुठेतरी बटण दाबल्याचा आवाज झाला. “पाटी होती,” तो म्हणाला. “पडली.”

“कधी?”

“असतील... दोनेक वर्षं झाली.”

“तीच लावायला आले आहे मी,” मी म्हणाले. “नोकरी मिळाली तर.”

दिवा लागला आणि तळहात खाली गेला. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात कंगव्याच्या जागी दोन चिमटे, आणि दाबूनही दाबलं न जाणारं हसू.

“मिळेल,” तो म्हणाला. “दुसरं कोणी आलेलंच नाही.”

नोकरी मिळाली. खरंच दुसरं कोणी आलेलं नव्हतं.

ते स्टेजवरच्या लेझर रोषणाईची यंत्रं बनवणारं छोटं वर्कशॉप होतं. लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत एका डब्यात एकमेकांवर नेमके बसवले की पांढरा झोत तयार होतो. तो हलत्या आरशांवर टाकला की हवेत हवं ते चित्र उमटतं. झोत बसवण्याचं काम त्याचं. शेंगदाण्याएवढे आरसे चिमट्यात धरून तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसायचा. म्हणून सगळे त्याला ‘आरसे’च म्हणत. मालकांना सगळे काका म्हणत. मला काय म्हणायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरलं: ‘चष्मेवाल्या मॅडम’.

कारण माझं पहिलं काम चष्मे निवडण्याचं होतं. एक मोठी फिरती नाटकमंडळी काकांकडून यंत्रं घेणार होती. त्यांची अट अशी, की डोळ्यांच्या सुरक्षिततेचं शिकलेलं माणूस वर्कशॉपात हवं. शिवाय त्यांना यंत्रांबरोबर ती चालवणारा माणूसही हवा होता, आठ महिन्यांच्या दौऱ्यासाठी. तो माणूस आरसे, हे न ठरवताच ठरलेलं होतं. दहा वर्षं तो काळ्या पडद्यामागे बसून रोषणाई बनवत होता, आणि त्याने ती भरल्या सभागृहात एकदाही पाहिली नव्हती.

मी गेले तेव्हा सहा माणसांत मिळून एकच संरक्षक चष्मा होता. तो खिळ्याला टांगलेला असायचा. ज्याला भीती वाटेल त्याने तो घालायचा, अशी पद्धत होती. कोणालाच वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून धडा दिला. “चष्मा रंगावरून घ्यायचा नाही,” मी म्हणाले. “काचेच्या कडेवर बारीक आकडे कोरलेले असतात. ते वाचायचे. कुठल्या तरंगलांबीपासून कुठल्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश ही काच अडवते, आणि किती अडवते, ते तिथे लिहिलेलं असतं. आपला हिरवा झोत पाचशे बत्तीसचा. पाचशे बत्तीस त्या दोन आकड्यांच्या मधे बसत नसेल, तर तो चष्मा कितीही महाग असो, तुमच्यासाठी ती खिडकीची काच आहे.” मी हे तीनदा सांगितलं. आरसे पहिल्याच बाकावर हनुवटी हातावर टेकून बसला होता. इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मी कॉलेजातही पाहिला नव्हता.

मग खरी निवड सुरू झाली... आणि खरी भांडणंही.

“हा बघा,” मी एक नमुना पुढे केला. “हजारातला एकच भाग आत येतो.”

त्याने घातला. हिरवा झोत कागदावर पाडला. मान पुढे नेली, मागे घेतली.

“दिसतोय का ठिपका?”

“मॅडम, मला कागदही दिसत नाहीये. आरसे चाचपत लावू का?”

“म्हणजे तुम्ही चष्मा कपाळावर सरकवणार.”

“सरकवणार.”

“प्रामाणिक आहात.”

“पगार त्याचाच मिळतो.”

खरी अडचण तीच होती. काच फिकी असेल तर डोळा भाजतो. काच गडद असेल तर झोत दिसत नाही, मग माणूस चष्मा वर सारतो, आणि डोळा तरीही भाजतोच. झोत बसवणाऱ्याला ठिपका अगदी मंद, पण दिसायला हवा. मी झोताची ताकद मोजली, कागदावर गणितं केली, कॅटलॉगं चाळली. तीन आठवडे नमुने मागवत राहिले आणि रोज त्याच्यासमोर जाऊन एकच प्रश्न विचारत राहिले, “आता दिसतोय?”

“पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा,” एके दिवशी तो म्हणाला. “हलला तर कळेल एवढा.”

“तोच हवा होता मला!” मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेरून काकांनी विचारलं, “काय सापडलं?”

चष्मा चेहऱ्याला बाजूने घट्ट बसावा लागतो. फटीतून प्रकाश आत शिरला तर काचेचा उपयोग काय? सहाही जणांची मापं मी घेतली. पाच जणांची अर्ध्या तासात झाली. आरसेचा नेहमीचा भिंगांचा चष्मा असल्यामुळे त्यावरून बसणारा मोठा सांगाडा हवा होता, म्हणून त्याचं माप... जरा सावकाश घ्यावं लागलं. दोन्ही कानशिलांमधलं अंतर. नाकाच्या दांड्याची उंची. मी मोजपट्टी धरून उभी, तो स्टुलावर बसलेला, श्वास रोखून.

“श्वास घेतला तरी चालेल,” मी म्हणाले.

“माप बिघडलं तर?”

“श्वासाने नाक वाढत नाही.”

“कान लाल झालेले माप घेताना धरतात का?”

मी वहीत आकडा लिहिला. घरी येऊन पाहिलं तर तो मला स्वतःलाच वाचता येईना.

चष्मे आले तेव्हा खोका मीच उघडला. लाल झोतासाठीचे निळसर होते, ते वेगळे ओळखू यायचे. पण निळ्या झोतासाठीचे आणि हिरव्या झोतासाठीचे, दोन्ही केशरी. उन्हात नेले तर एक किंचित तांबूस वाटे. आमच्या पिवळ्या दिव्याखाली मात्र दोन्ही जुळे. निळ्याच्या दांडीवर निळी चिकटपट्टी आणि हिरव्याच्या दांडीवर हिरवी लावायची, असं मी ठरवलं होतं. पट्ट्या दुपारी येणार होत्या. सकाळी दहाला तो आला.

“द्या मॅडम, हिरवा बसवायचाय. मंडळीचे मॅनेजर शुक्रवारी यंत्र बघायला येताहेत.”

“थांबा, पट्ट्या लावून देते.”

“थांबतो. पण थांबलो तर एक विचारणार.”

“काय?”

“संध्याकाळी काम संपल्यावर... नदीकडच्या रस्त्याने चालत जाता ना तुम्ही घरी? मीही तिकडूनच जातो. म्हणजे जात नाही. आजपासून गेलो असतो.”

काहीतरी करायला हवं म्हणून मी ट्रेमधला मोठ्या सांगाड्याचा केशरी चष्मा उचलला, ओढणीने पुसला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवला. दांड्या कानांमागे नीट बसवल्या. फट नाही ना, हेही पाहिलं. आकडे पाहिले नाहीत.

“हो,” मी म्हणाले. “साडेपाचला.”

बाराच्या सुमाराला पडद्यामागून चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज आला. चिमटा त्याच्याकडून कधीच पडत नसे. मी धावत गेले. झोत बंद होता. तो उजव्या डोळ्यावर हात धरून स्टुलावर बसला होता.

“काही नाही,” तो म्हणाला. “झोत चिमट्यावरून उडाला. क्षणभरच.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करणारं औषध घातलं आणि त्याला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्याचा संरक्षक चष्मा माझ्या मांडीवर होता. खिडकीतून ऊन येत होतं, आणि त्या उन्हात मी काचेच्या कडेवरचे आकडे वाचले. एकशे नव्वद ते चारशे नव्वद. पुन्हा वाचले. पाचशे बत्तीस त्यात बसत नव्हता. कसाही बसत नव्हता. हा निळ्याचा चष्मा होता, आणि तो मी, धडा देणाऱ्या बाईने, रंग बघून दिला होता.

आजूबाजूला कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. तरी माझं तोंड पेटल्यासारखं झालं. मी चष्मा पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

“डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीकशी सूज आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बहुतेक उतरेल. सहा आठवडे वाट बघू. झोताची ताकद कमी ठेवली होती म्हणून निभावलं, नाहीतर आज वेगळं बोलावं लागलं असतं.”

ताकद त्याने स्वतःहून कमी ठेवली होती. कमी ठेवा, हेही खरं तर मीच त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. “चष्मा घातला होता, तरी लागलं कसं?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आरसे माझ्याआधी बोलला.

“चुकीचा घातला, काका. ट्रे उघडा होता, घाईत मीच उचलला.”

तो माझ्याकडे बघतही नव्हता. उजव्या डोळ्यावर कापसाची घडी, आणि डावा डोळा खाली, फरशीवर.

“एवढा धडा दिला होता मॅडमनी,” काका म्हणाले. “गाढवापुढे वाचली गीता.”

मी तोंड मिटलं. एका क्षणाचा प्रश्न होता. तो क्षण गेला, मग पुढचा गेला, आणि मग बोलणं जास्त जास्त कठीण होत गेलं. अहवाल मीच लिहायचा होता. त्यात एक रकाना होता, ‘चष्मा कोणी दिला’. मी तो रिकामा सोडला. काकांनी सही करताना त्यांच्या पेनाने त्यात लिहिलं, ‘स्वतः घेतला’. मी शाई वाळेपर्यंत बघत राहिले.

त्या संध्याकाळी, आणि नंतरच्या बऱ्याच संध्याकाळी, आम्ही नदीकडच्या रस्त्याने चालत गेलो. सुखाने जीव जायची वेळ ती... आणि मला मान वर करता येत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याला रोज चौकटीच्या कागदाकडे एका डोळ्याने बघून, जिथे रेघा वाकड्या दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगितलं होतं. असे कागद मी त्याला आखून देत असे. पट्टीने, बारीक, एकसारख्या रेघा. तेवढंच करता येत होतं मला.

“आज केवढा आहे डाग?” मी विचारायची.

“काल हरभऱ्याएवढा होता. आज मसूर.” मग डावा डोळा मिटून तो माझ्याकडे बघायचा. “पण एक गंमत आहे मॅडम. या डोळ्याने तुमच्याकडे बघितलं की तुमचं नाक नाहीसं होतं.”

“मग बघू नका.”

“नाकावाचूनही बऱ्या दिसता.”

मी हसायची, आणि घरी येऊन न जेवता झोपायची.

दोन आठवड्यांनी मंडळीच्या मॅनेजरांनी अहवाल वाचला. यंत्रं पसंत पडली होती. माणूस नको म्हणाले. ज्याला स्वतःच्या डोळ्यांची फिकीर नाही, त्याच्या हाती हजार प्रेक्षकांचे डोळे कसे द्यायचे? काकांनी दुसऱ्या कारागिराचं नाव पुढे केलं.

त्या दिवशी आरसेने एक आरसा तीनदा लावला आणि तीनदा काढला.

आणि मी? मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी हलकं झालं होतं. तो जाणार नाही. आठ महिने तो इथेच, पडद्यापलीकडे, साडेपाचला फाटकापाशी. मी माझ्याच मनात ते पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली. तरीही ते हलकेपण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी घरी पोचले तर ताई कपाटाच्या आरशासमोर उभी होती. माझी थोरली बहीण. आईच्या पाठीमागे घर तिच्या शिस्तीने चालतं, आणि माझी पर्स तिला स्वतःचीच वाटते. तिच्या डोळ्यांवर तो केशरी चष्मा होता.

“सुट्टे पैसे शोधत होते, हे सापडलं,” ती म्हणाली. “कसली दिसतेय मी! कोणाचा गं?”

“काढ तो.”

“अगं पण—”

“ताई, काढ!”

तिने काढला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसली. “बोल.”

मी बोलले. चष्मा, ओढणी, रकाना, सगळं. शेवटचंही, ते हलकेपणाचं. ताई शाळेत शिकवते, मुलांची शंभर तऱ्हेची खोटी कारणं तिने ऐकलेली आहेत. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “तो आवडतो तुला?”

“हो.”

“मग आता असं बघ. तो इथे राहिला. रोज भेटला. पुढे, समजा, आपल्या घरात आला. माझ्या हातचा चहा पीत समोर बसला. तू त्याला चहा देताना बघणार कुठे? कपाकडे? जन्मभर?”

मी तिच्या हातातून चष्मा घेतला.

“रडायचं असेल तर आत्ता रड,” ताई उठत म्हणाली. “सकाळी डोळे सुजवून काकांकडे जाऊ नकोस. त्यांना वाटेल दया मागायला आलीस.”

काका खूश असले की मला ‘पोरी’ म्हणत, रागावले की ‘मॅडम’. सकाळी मी चष्मा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ तो चष्मा उलटसुलट करत राहिले.

“म्हणजे मॅडम, त्याचं नाव गेलं, त्याचं काम गेलं, आणि तुम्ही त्याला रेघा आखून देत होतात?”

“हो.”

“तो खोटं का बोलला?”

“मला माहीत नाही. मी गप्प का बसले ते माहीत आहे. मला लाज वाटली.”

“मग आता?”

“आता जास्त वाटते.”

काकांनी फोन उचलला, नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला. “मॅनेजर आहेत. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

अनोळखी माणसाला आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं... मी ते केलं.

“म्हणजे तो निष्काळजी नाही, खोटारडा आहे,” मॅनेजर म्हणाले.

खरं बोलूनही त्याचंच नुकसान होईल, असा विचार मी केलाच नव्हता. “तो एकदा खोटं बोलला, माझ्यासाठी,” मी म्हणाले. “यंत्रासमोर कधीच नाही. चष्मा डोळ्यांवर होता तरी झोताची ताकद त्याने आधी कमी केली होती. कोणी सांगितलं नव्हतं. काच द्यायला मी चुकले, पण डोळा त्याच्या सवयीने वाचला. तुमच्या हजार प्रेक्षकांसाठी मला दुसरा माणूस माहीत नाही.”

“कळवतो,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

“सोमवारी सगळ्यांना बसवा,” काका म्हणाले. “तोच धडा पुन्हा द्या. या खेपेला उदाहरण तुमचं.”

सोमवारी मी उभी राहिले. एका हातात निळ्याचा चष्मा, दुसऱ्या हातात हिरव्याचा. “हा मी दिला,” मी म्हणाले. “आकडे न वाचता दिला. आणि तीन आठवडे कोणालाही सांगितलं नाही.” पाच जण जमिनीकडे बघत होते. एकाने घसा साफ केला. आरसे पहिल्या बाकावर नव्हता. सगळ्यात मागे, दाराशी उभा होता, आणि धडा संपायच्या आत निघून गेला.

मी त्याला पडद्यामागे गाठलं.

“मला विचारायचंत तरी,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात हसू नव्हतं. “आता मी सगळ्यांसमोर खोटा ठरलो.”

“माझी चूक तुमच्या नावावर होती.”

“तुमची एकटीची नव्हती ती!” त्याने हातातला चिमटा टेबलावर ठेवला. “आकडे वाचायचे हे मला कुठे माहीत होतं?”

“मी तीनदा सांगितलं होतं. तुम्ही समोर बसला होतात.”

“बसलो होतो.”

“लक्ष देऊन ऐकत होतात!”

“बघत होतो,” तो म्हणाला. “ऐकत नव्हतो. एक शब्द ऐकला नाही मी त्या दिवशी.” कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. “आणि डोळ्याला लागलं त्या दिवशी ठिपका लख्ख दिसत होता. नमुन्यात मंद दिसलेला ठिपका एकदम लख्ख का दिसतोय, एवढं तरी मला कळायला नको? मला वाटलं, मॅडमनी काय सुरेख चष्मा निवडलाय! ...हे काकांना कसं सांगणार होतो? त्यापेक्षा ‘घाईत उचलला’ बरं वाटलं.”

आम्ही दोघं उभेच राहिलो. दोघांनाही हसू येत होतं आणि दोघांनाही हसायची लाज वाटत होती.

बुधवारी मॅनेजरांचा फोन आला. माणूस चालेल म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची खूण पाहिली, मोहरीएवढी उरली होती. कामाला हरकत नाही म्हणाल्या.

ट्रक शनिवारी सकाळी आला. यंत्रं स्पंजात गुंडाळून चढवली जात होती. काका प्रत्येक खोक्यावर हात ठेवून मोजत होते. आरसेने नवा शर्ट घातला होता, खिशात चिमटे होतेच. मी खाली उतरले तेव्हा तो मागच्या फळीला कडी लावत होता.

“अजून एक राहिलंय,” मी म्हणाले.

“चष्मे घेतलेत. आकडे वाचलेत. दोनदा.”

“ते नाही. काकांना सांगितलं, मॅनेजरना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. त्यातलं एक नाही सांगितलं.” माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. “दौऱ्यातून तुमचं नाव वगळलं ना, तेव्हा... मला बरं वाटलं होतं. तुम्ही जाणार नाही म्हणून. तुमचा डोळा तसा, तुम्हाला सगळे निष्काळजी म्हणताहेत, आणि मला आतून बरं वाटत होतं. तीन दिवस.”

तो कडीवर हात ठेवून थांबला.

“त्या तीन दिवसांत मी नीट जेवलो नाही,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे.”

“आणि तुम्ही खूश होतात.”

“हो.”

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही डोळ्यांनी. मी या वेळी मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती.

“माझ्यासाठी आजवर इतकं वाईट कोणी वागलं नव्हतं,” तो म्हणाला.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काकांनी हाक मारली, “आरसे, चल रे!”

तो गेला नाही. “ते तीन दिवस मनातल्या मनात जे म्हणत होतीस,” तो म्हणाला, “ते एकदा तोंडाने म्हण. मी जाणार आहेच. पण म्हण.”

काका चार पावलांवर होते. ट्रकवाला खिडकीतून मान काढून बघत होता. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत पाच डोकी होती. माझे कान तापले होते, आणि लाजेने मी मरते की काय असं वाटत होतं.

“जाऊ नकोस,” मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

काकांनी घाईघाईने एका खोक्याकडे पाठ वळवली.

त्याने कडी घट्ट लावली, ओढून पाहिली. मग माझ्यापाशी आला, आणि सुटलेली बट माझ्या कानामागे सरकवली, केसभर, नेमकी.

“येतो,” तो म्हणाला.